घरातील वर्ग आणि संघटनेतील वर्ग

(नाशिक येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'पालकत्व आणि नेतृत्व' हा विषय माझ्या वाट्याला आला तेव्हा मी संयोजकांना म्हणालो, की माझे सारे आयुष्य अर्थशास्त्र शिकविण्यात गेले. बालसंगोपन हा काही माझ्या अभ्यासाचा विषय नव्हे. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही बाप आहात, आणि काही वर्षे संघटनेचे पदाधिकारीही होता. तेवढे पुरे." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र या दोन्ही परीक्षांत मी उत्तीर्ण झालो असे म्हणण्याचे धाडस माझ्याने होणार नाही. तेव्हा उपदेशाचा अधिकार मला नाही हे आरंभीच मान्य करतो आणि काही आठवणी व काही हिशेब तुमच्यापुढे ठेवतो.

हे शिबिर नाशकात भरले आहे याचा मला आनंद आहे, आणि तो केवळ मी इथला रहिवासी आहे म्हणून नव्हे. नाशिकरोडचा मध्यवर्ती तुरुंग तुमच्यापैकी अनेकांनी बाहेरून पाहिला असेल. काहींनी, मला ठाऊक आहे, आतूनही पाहिला आहे. १९३२-३३ च्या सुमारास जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी, नानासाहेब गोरे ही तरुण मंडळी या तुरुंगात होती. पुढे मुंबई विद्यापीठात कृषि-अर्थशास्त्राचे अध्यापन करणारे दांतवालाही त्यांत होते, आणि आमच्या व्यवसायातील माणूस म्हणून त्यांचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. वाचन, वाद आणि टिपणे यांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना तिथे आकाराला आली आणि १९३४ च्या मे महिन्यात पाटण्याला आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली तिला मूर्त रूप मिळाले. हा इतिहास आपण प्रत्येक शिबिरात सांगतो.

त्याच तुरुंगात, त्याच सुमारास, आणखी एक कैदी लिहीत बसला होता. १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत साने गुरुजींनी 'श्यामची आई'चा बहुतेक भाग इथे लिहिला. एकाच भिंतीच्या आत एकीकडे पक्षाचा विचार चालला होता आणि दुसरीकडे एका कोकणी घरातील आईची गोष्ट कागदावर उतरत होती. आपण पहिल्या घटनेला राजकारण म्हणतो आणि दुसरीला साहित्य, फार तर संस्कार. ही विभागणी आपल्याला महागात पडली आहे असे माझे मत आहे.

'श्यामची आई' हे रडविणारे पुस्तक आहे, अशी त्याची ख्याती. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाने ती ख्याती अधिकच पक्की केली. मी ते पुस्तक शाळेत असताना वाचले तेव्हा मीही रडलो. पण अर्थशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास संपवून नोकरीला लागल्यावर ते पुन्हा हाती आले, तेव्हा डोळ्यांत पाणी येण्याऐवजी मी पेन्सिल घेऊन बसलो. कारण ते कर्जाचे पुस्तक आहे. खोताच्या मोठ्या घराण्यातून वेगळे निघालेले एक बिऱ्हाड, वाढत जाणारे व्याज, दारात येऊन बसणारा सावकाराचा माणूस, घराची जप्ती, शेवटी तेल असले तर मीठ नाही अशी अवस्था. या साऱ्यात आई नवऱ्याला सुचविते, की थोडी जमीन विका आणि कर्जातून मोकळे व्हा. तिचे ऐकले जात नाही. घराण्याची प्रतिष्ठा जमिनीला चिकटलेली असते. व्याजाचे गणित त्या घरात जिला सर्वांत नीट कळले होते, तिला मताचा अधिकार नव्हता. ग्रामीण कर्जबाजारीपणावर मी पुष्कळ अहवाल वाचले. हा मुद्दा इतक्या थोड्या जागेत सांगणारा दुसरा दस्तऐवज मला आढळला नाही.

आणि अशा घरात शिक्षण चालले आहे. ते कशातून चालले आहे हे पाहा. स्वतःची पत्रावळ लावायला शिकल्याशिवाय जेवायला मिळणार नाही, अशी मुलाला तंबी मिळते. पोहायला घाबरून माळ्यावर लपलेल्या मुलाला आई शिंपटीने मारून विहिरीवर धाडते. मुलगा परत आल्यावर तिचाच जीव कळवळतो. भाजी अळणी झाली तरी वडील अवाक्षर न काढता जेवतात आणि मुलेही जेवतात. आई पानावर बसते तेव्हा तिला मीठ विसरल्याचे कळते. यांत कुठेही खर्च नाही. पाटी, पुस्तक, छडीवाला पंतोजी यांपैकी काही नाही. स्वयंपाक, अंघोळ, उष्टी-खरकटी, देणेकऱ्याशी बोलणे, मोलकरणीचे आजारपण हाच अभ्यासक्रम. आणि शिकविणारीला आपण शिकवीत आहोत याची बहुधा कल्पनाही नसते.

या शेवटच्या वाक्याशी मला थोडे थांबायचे आहे, कारण त्यात माझ्याच घरची एक गोष्ट अडकलेली आहे. ती मी आजवर व्यासपीठावरून सांगितली नव्हती.

माझी मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना तिला वजाबाकी जमत नसे. हातचा घ्यायचा राहून जाई. मी प्राध्यापक, मला वाटले, पुस्तकातील आंब्यांची आणि चेंडूंची उदाहरणे नकोत, जीवनातील उदाहरण द्यावे. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असे. त्यावर दुधाचा हिशेब असे आणि धुणे-भांडी करणाऱ्या बाईंचे खाडेही असत. महिनाअखेरीस मी मुलीला कॅलेंडरापुढे उभी करी. बाईंचे महिन्याचे पैसे इतके, तीस दिवसांनी भागले की रोजचे इतके, चार दिवस खाडे, तर वजा किती? ती पेन्सिलीने खाड्यांवर फुल्या मारी आणि उत्तर काढी. दोन-तीन महिन्यांत तिला वजाबाकी उत्तम येऊ लागली. मी स्वतःवर फार खूष होतो.

त्याच वर्षी मी एका कामगार अभ्यासमंडळात किमान वेतनावर व्याख्यानमाला गुंफत होतो. पगारी रजा ही मालकाची मेहेरबानी नसून श्रमाच्या पुनरुत्पादनाचा तो आवश्यक खर्च आहे, हे मी आकडेवारीनिशी पटवून देत असे. ज्या महिन्यात हे सांगितले त्याच महिन्यात बाईंचा मुलगा तापाने आजारी होता आणि त्या सहा दिवस आल्या नव्हत्या. सहा फुल्या. सहा दिवसांचे पैसे वजा. बाईंनी पैसे मोजले, पदराच्या गाठीला बांधले आणि काही न बोलता निघून गेल्या. मला स्वतःला त्या वर्षी पंधरा किरकोळ रजा होत्या आणि त्यांतल्या काही मी व्याख्यानांसाठीच खर्ची घातल्या होत्या.

तुम्हाला वाटेल, की मुलीने मला प्रश्न विचारला असेल आणि माझे डोळे उघडले असतील. गोष्टींत तसे होते. माझ्या मुलीने काहीही विचारले नाही. तिने उत्तर बरोबर काढले. वीसएक वर्षांनी मी पुण्याला तिच्या घरी गेलो. ती मोठ्या कंपनीत हुद्द्यावर आहे, स्वभावाने प्रेमळ आहे, मते आपल्यासारखीच आहेत, आपल्या पत्राची वर्गणीदार आहे. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तो भिंतीवर कॅलेंडर, आणि त्यावर फुल्या. मी रात्री जेवताना हळूच विषय काढला. पगारी रजेचे तत्त्व सांगू लागलो. ती हसून म्हणाली, "बाबा, असं काय करता? हे तुम्हीच तर शिकवलंत ना मला, वजाबाकी?"

ती रागावून बोलली नव्हती. तिला ती लहानपणची गोड आठवण वाटत होती.

घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कायदा झाला, कल्याण मंडळाची तरतूद झाली. चळवळीतील अनेक भगिनींनी त्यासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, त्यांतल्या एकदोन मोर्च्यांत मीही चाललो. रजेचा हिशेब मात्र घरोघरच्या भिंतीवरच राहिला. आणि तो तिथे राहावा याची व्यवस्था माझ्यासारख्यांनी आपल्या मुलांना वजाबाकी शिकवून करून ठेवली आहे. माझी व्याख्याने तिने ऐकली नव्हती असे नाही, पुष्कळ ऐकली. पण व्याख्यान महिन्यातून एकदा असते, कॅलेंडर रोज समोर असते.

आता गुरुजींच्या आईकडे परत येतो, कारण तिच्या शिकवणुकीलाही अशीच एक मर्यादा होती आणि ती पुस्तकात प्रांजळपणे नोंदलेली आहे. लाकडाची मोळी डोक्यावर चढविता न येणारी एक म्हातारी महारीण रस्त्यात ताटकळते. कोणी हात लावीत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे. आणि मग अंघोळ कर. श्याम जातो, मोळी चढवितो, लोक टोमणे मारतात, तो विहिरीवर अंघोळ करूनच घरात येतो. या प्रसंगावर आपल्याकडे दोन टोकांची भाषणे होतात. एक पक्ष मोळीचे कौतुक करतो आणि अंघोळ विसरतो. दुसरा पक्ष अंघोळीवर बोट ठेवून सारे पुस्तकच निकालात काढतो. दुसऱ्या पक्षाचा राग मला समजतो; ज्याच्या आजीच्या स्पर्शानंतर अंघोळ करण्यात आली त्याला ती अंघोळ विसरता येत नाही. पण मुलाने काय केले तेही पाहावे. आई १९१७ साली वारली. तीस वर्षांनी, १९४७ च्या मे महिन्यात, विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून तोच मुलगा पंढरपुरात दहा दिवस उपाशी बसला. त्याआधी कित्येक महिने त्याने महाराष्ट्रभर दौरा केला होता. आईने दिलेली मोळी त्याने ठेवली, अंघोळ टाकून दिली. आईच्या शिकवणुकीतले काय घ्यावे आणि काय सोडावे हे ठरविण्याचे बळही त्याला कुठून तरी मिळालेच असले पाहिजे. ते आईकडूनच मिळाले असे मी म्हणेन. तुम्ही असहमत असाल तर चर्चेच्या वेळी सांगा.

एक गोष्ट मात्र गुरुजींच्या भक्तांना, आणि मी त्यांतलाच एक आहे, कधीतरी सांगितली पाहिजे. आपण त्यांचे अश्रू घेतले आणि त्यांचे काम सोडून दिले. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलाच्या वसतिगृहात ते मुलांच्या खोल्या झाडीत, कपडे धुवीत, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत आणि मुलांसाठी हस्तलिखित दैनिकही काढीत. रोज! दैनिक लिहून काढणे आणि खोली झाडणे ही दोन्ही कामे एकाच अध्यापनाची अंगे आहेत हे त्यांना सांगावे लागत नव्हते. आपण त्यांतले लेखन तेवढे पुढे चालू ठेवले. झाडू कोणाच्या हाती गेला हे प्रत्येकाने आपापल्या कार्यालयात पाहावे.

येथून पंचवटीकडे वळतो. गुरुजी नाशिकरोडला लिहीत होते त्या वेळी याच शहरात दुसरा एक वर्ग तीन वर्षे चालू होता, आणि त्याला छप्पर नव्हते. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दरवाजांपुढे सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे, स्थानिक धुरा वाहणारे भाऊराव गायकवाड, पुढचे कर्मवीर दादासाहेब, दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे. दरवाजे बंद झाले. हजारो माणसे, त्यांत स्त्रियाही, बंद दरवाजापुढे बसली. रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली. दरवाजे उघडले नाहीत. वर्षामागून वर्षे गेली, तरी उघडले नाहीत. नेहमीच्या हिशेबाने तो लढा हरला असे कोणीही म्हणेल.

३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी भाऊरावांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. प्रत्येक कार्यकर्त्याने ते मुळातून वाचावे. त्याचा आशय मी माझ्या शब्दांत सांगतो. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे किंवा मंदिरात गेल्याने ते बरोबरीचे होतील, यासाठी हा सत्याग्रह आरंभिला नव्हता. त्यांना आपल्या स्थितीची जाणीव करून देण्याचा आणि त्यांच्यांत चेतना निर्माण करण्याचा तो सर्वांत चांगला मार्ग वाटला म्हणून आरंभिला. ते काम झाले आहे. आता शक्ती राजकारण आणि शिक्षण यांकडे वळवावी. आपल्या अनुयायाला, लढा चालू असताना, नेता हे समजावून सांगतो आहे. आदेश देऊन तो मोकळा होऊ शकला असता. त्याने कारणे दिली. पुढच्याच वर्षी, १९३५ च्या ऑक्टोबरात, आपल्याच जिल्ह्यातील येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि दरवाजाचा प्रश्नच मागे टाकला.

भाऊराव त्या वर्गातून काय शिकले? १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले त्यांचे नेतृत्व त्यांनी केले. मंदिराच्या दारातून ते जमिनीच्या प्रश्नावर आले. तिथे त्यांची आणि आपली गाठ पडायला हवी होती. जितकी पडायला हवी होती तितकी ती पडली नाही, आणि त्यातला मोठा दोष आपल्याकडे जातो. वर्गाचा विचार करणाऱ्या आपल्या थोरांना जातीचा विचार करणारे विद्यार्थी नकोसे वाटत. तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

तिसरे उदाहरण देताना काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतील. शरद जोशी यांच्या बाजारविषयक निष्कर्षांशी मी कधीच सहमत नव्हतो. वर्गात आणि वर्गाबाहेर मी त्यांचे खंडन केले आहे. पण १९८० साली कांदा आणि ऊस यांच्या भावासाठी आपला जिल्हा पेटला आणि शेतकरी रेल्वेच्या रुळांवर बसले, त्यामागे केवळ संताप नव्हता. त्या माणसाने शेतकऱ्याला स्वतःचा उत्पादन-खर्च मांडायला शिकविले होते. बियाणे, खत, पाणी यांच्याबरोबर घरच्या माणसाची मजुरी खर्चात धरायची असते, हे निफाड-लासलगावच्या शेतकऱ्याला कोणत्याही विद्यापीठाने सांगितले नव्हते. आणि एकदा घरच्या माणसाची मजुरी मोजायची म्हटली, की घरच्या बाईची का नाही, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरले, आणि त्या चळवळीतून पुढे बायकोच्या नावे जमीन करून देण्याची 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम निघाली. श्यामच्या आईला जमिनीबद्दल बोलण्याचा अधिकार नव्हता. इथे सात-बाऱ्यावर नाव लागले. आपण अनेक वर्षे ठराव करीत होतो ते काम एका विरोधी विचाराच्या माणसाने हिशेब शिकवून पुढे नेले, हे मान्य करायला मला तरी कमीपणा वाटत नाही.

नेता हा बापासारखा असावा असे महाराष्ट्रात नेहमी म्हटले जाते. आजकाल ते फारच अक्षरशः खरे होऊ लागले आहे. बाप आमदार, मुलगा जिल्हा परिषदेत, सून बँकेवर, जावई बाजार समितीत. यांत पालकत्वही नाही आणि नेतृत्वही नाही, ही खोतीच आहे. खोती कायद्याने गेली, मतदारसंघाच्या रूपाने परत आली. आपण या रोगापासून बऱ्याच अंशी दूर राहिलो, कारण आपल्याकडे वारशाने देण्यासारखे फारसे नव्हते. त्याचे श्रेय आपण तत्त्वनिष्ठेला देतो ते जरा जपून द्यावे. आपला रोग निराळा आहे. आपले नेते म्हातारे होईपर्यंत कार्यकर्त्यांना मुलेच समजत राहिले. साठीच्या कार्यकर्त्याला 'आमचा तरुण साथी' म्हणण्याची पद्धत अजून चालू आहे. बैठकीत निर्णय आधी झालेला असे, चर्चा मागाहून होई. ज्याला कारणे सांगितली जात नाहीत त्याला निष्ठा तेवढी शिकता येते, आणि निष्ठेने माणसे किती फुटली याचा आपल्या पक्षांच्या फाटाफुटींहून मोठा पुरावा नाही.

मी स्वतः पदाधिकारी होतो तेव्हाचे एक सांगतो. एका तरुण कार्यकर्तीने शिबिराच्या जमाखर्चाचा कागद मागितला. मी तिला म्हणालो, "तुझा विश्वास नाही का?" ती गप्प बसली. पुढच्या वर्षी ती आली नाही. हिशेबात एक पैही चुकलेली नव्हती. मी कागद दाखविला असता तर तिला हिशेब ठेवायला शिकविता आले असते, आणि कदाचित आज ती इथे बोलत असती. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने हिशेब मागणाऱ्या विद्यार्थिनीला परत पाठविले, ही गोष्ट मला कॅलेंडरइतकीच टोचते.

राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१९ साली देशातील लोकांच्या वेळेचा हिशेब घेतला. घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, पुरुषांचे ९७. सुमारे पाच तास आणि सुमारे दीड तास. आपल्या शिबिराचीही अशी पाहणी घ्यावी असे मी संयोजकांना सुचवितो. दाराशी लावलेल्या वेळापत्रकात वक्त्यांची नऊ नावे आहेत, त्यांत आठ पुरुष. खाली 'भोजनव्यवस्था' या शीर्षकाखाली पाच नावे आहेत, पाचही भगिनींची. शिबिरात लहान मुले आली आहेत. काल संध्याकाळी ती या सतरंजीवर खेळत होती. ती वेळापत्रक वाचत नाहीत. पण पंगत उठल्यावर कोण उठतो आणि कोण बसून चर्चा चालू ठेवतो, हे ती पाहत होती. काल मी बसून चर्चा चालू ठेवली होती.

आज रात्रीच्या भांड्यांच्या यादीत मी माझे नाव घालून घेतले आहे. यादी करणाऱ्या बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही कशाला? तुमचं वय झालं." वय झाले आहे हे खरे, मोठी पातेली मला उचलणार नाहीत, त्यासाठी कोणी जोडीदार लागेल. पंगत आठला आहे. अध्यक्षांनी मला दिलेल्या वेळातली दहा मिनिटे अजून शिल्लक आहेत, ती मी प्रश्नांसाठी सोडतो.